डेट्रॉइटचा 'डेथ' बँड: १९७५ ची गाणी २००९ मध्ये कशी काय आली?

तिसरी_तार (नाशिक)

नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या बँडमध्ये बास वाजवतो. चौघं आहोत. एका मित्राच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये सराव चालतो, तोही शेजारच्या आजींची झोपायची वेळ सांभाळून.

मध्यंतरी आमच्या ड्रमवाल्यानं 'पॉलिटिशियन्स इन माय आइज' हे गाणं ऐकवलं. मला वाटलं, १९८०-८१ चा वॉशिंग्टनकडचा एखादा हार्डकोर (अतिवेगवान पंक) बँड असेल. तो म्हणाला, १९७५, डेट्रॉइट, तीन सख्खे भाऊ, तिघंही कृष्णवर्णीय, बँडचं नाव 'डेथ'. आणि अल्बम बाजारात आला २००९ मध्ये! मी ते गाणं परत परत लावलं. पाहिजे तिथे थांबतं, पाहिजे तिथे सुटतं, आणि गाणारा आणि बास वाजवणारा माणूस एकच आहे हे कळल्यावर तर मी हात टेकले.

शोधायला गेलं की फ्लोरिडाचा डेथ मेटलवाला 'डेथ' आधी समोर येतो. तो वेगळा, हे कळलं. पण या भावांबद्दल जे वाचायला मिळालं ते जरा जास्तच रंगवलेलं वाटतं. म्हणून विचारतो. पंक, म्हणजे वेगवान आणि बंडखोर रॉक, न्यूयॉर्कच्या रमोन्स बँडच्या पहिल्या अल्बमपासून सुरू झालं म्हणतात. हे रेकॉर्डिंग खरंच त्याच्या आधीचं आहे का? आणि इतकं चांगलं होतं तर चौतीस वर्षं कुणाला पत्ता का नव्हता? फक्त नावामुळे अडलं, असं सगळीकडे लिहिलंय. ते खरं का?

विचारण्यामागे कारणही आहे. आमच्या बँडचं नाव 'मसणवट'. एका फेस्टिव्हलवाल्यांचा निरोप आलाय की घेतो तुम्हाला, पण नाव बदला. आमच्यात दोघं म्हणतात बदलू, दोघं म्हणतात मुळीच नाही.

खडखडाट (कोल्हापूर)

डेथ ऐकलंय म्हणजे कान चांगल्या ठिकाणी लागलाय तुझा. पण 'पहिला पंक बँड' म्हणून कुणी छाती पुढे काढली की मी त्याला पेरूचे लोस साइकोस ऐकवतो. लिमा शहरातल्या लिन्से भागातली चार पोरं, १९६४ ते ६६ एवढाच काय तो कारभार. १९६५ चं त्यांचं 'देमोलिसियोन' ऐक. रेल्वे स्टेशन पाडून टाकू, एवढाच गाण्याचा विषय, आणि गायक घसा फुटेस्तोवर ओरडतो. त्यांचाही शोध असाच उशिरा लागला. १९९० च्या दशकाअखेर स्पेनमधून त्यांच्या गाण्यांचा संग्रह निघाला आणि मग जगभर नाव झालं.

कृष्णवर्णीय पोरांचाच म्हणशील तर फिलाडेल्फियाचा प्युअर हेल आहे. त्यांनी १९७८ मध्ये केलेला अल्बमही कित्येक वर्षं तसाच पडून राहिला होता. आणि डेट्रॉइटच्याच आसपास स्टूजेस आणि एमसी-फाइव्ह हे रॉक बँड १९६९ मध्येच अल्बम काढून बसले होते. तेव्हा क्रमांक लावत बसू नकोस, ऐकत राहा.

स्पूलची_फीत (पुणे)

मी जुन्या स्पूल (टेपची रिळं) आणि कॅसेट डिजिटल करून देते. बहुतेक खासगी मैफिली, कीर्तनं, नाटकांच्या तालमी, कुणाच्या आजोबांची व्याख्यानं. त्यामुळे या भावांच्या गोष्टीत मला सगळ्यात आधी दिसतात त्या टेप. तुझ्या प्रश्नांचं उत्तरही तिथूनच द्यावंसं वाटतं, जरा लांबेल.

साल पक्कं आहे. डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड सिस्टिम्स या स्टुडिओत, जिम विट्टी या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली १९७५ मध्ये हे काम झालं. साधासुधा स्टुडिओ नव्हे तो. जॉन ली हूकरनं १९४८ मध्ये 'बूगी चिलन' तिथेच गायलं होतं. रमोन्सचा पहिला अल्बम एप्रिल १९७६ चा, इंग्लंडच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडची पहिली तबकडी त्याच वर्षी नोव्हेंबरची. शिवाय भक्कम पुरावाही आहे. याच सत्रातली दोन गाणी घेऊन भावांनी १९७६ मध्ये स्वतःच्या खर्चानं एक सिंगल छापली, ट्रायअँगल या आपल्याच लेबलवर, फक्त ५०० प्रती. एका बाजूला तू ऐकलंस ते, दुसऱ्या बाजूला 'कीप ऑन नॉकिंग'. त्यातल्या काही प्रती आजही संग्राहकांकडे आहेत. नंतर कुणी रचलेली दंतकथा असती तर ही तबकडी कुठून आली असती?

आता भाऊ. डेव्हिड, डॅनिस आणि बॉबी हॅकनी. डेव्हिड गिटारवर, डॅनिस ड्रमवर, बॉबी बास आणि गायन. फेब्रुवारी १९६४ मध्ये टीव्हीवर बीटल्स वाजले, ते या घरानंही पाहिलं. दुसऱ्याच दिवशी डेव्हिडला गल्लीत कुणी तरी टाकून दिलेली गिटार सापडली, असं भाऊ सांगतात. १९७१ मध्ये बँड उभा राहिला तेव्हा नाव होतं 'रॉक फायर फंक एक्स्प्रेस', आणि वाजवायचे फंक. मग द हू आणि अ‍ॅलिस कूपर या रॉकवाल्यांचे कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिले आणि डेव्हिडनं दिशाच बदलली. आईनं घरातल्या खोलीत सरावाला दुपारी तीन ते सहा अशी वेळ नेमून दिली होती. त्या तीन तासांत ते रोज, न चुकता वाजवायचे. 'फ्रीकिन आउट' नीट ऐकलंस तर ते तीन तास ऐकू येतात. तिघांचे श्वास एकत्र चालतात. स्टुडिओत जमवून आणलेल्या वादकांकडून अशी जवळीक मिळत नाही.

नावाबद्दल बहुतेक लोक घाईनं लिहितात. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एका माणसामुळे या मुलांचे वडील गेले. डेव्हिडनं त्यानंतर हे नाव आणलं. मृत्यू ही नुसती भीतीची गोष्ट नाही, जन्माइतकीच खरी आणि पवित्र गोष्ट आहे, आणि ती उजेडात आणायची, असं त्याच्या मनात होतं. त्यानं बोधचिन्हही काढलं होतं. त्रिकोणाची तीन टोकं म्हणजे आत्मा, मन आणि शरीर, आणि वर चौथा गोळा, तो देव. घरचं वातावरण धार्मिक होतं. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून पुढचा भाग वाच.

त्यांचं रेकॉर्डिंग ग्रूव्हज्‌व्हिल या निर्मिती संस्थेतर्फे चाललं होतं. मालक डॉन डेव्हिस. भावांच्या सांगण्यानुसार रेकॉर्ड कंपनीचा बडा अधिकारी क्लाइव्ह डेव्हिस याला काम आवडलं, त्यानं पैसेही लावले, पण एकच अट होती, नाव बदला. डेव्हिडनं नकार दिला. बारा गाण्यांचा बेत होता, सात झाली आणि काम थांबलं. तेव्हा मनातून डगमगलो होतो, हे धाकट्या भावांनी पुढे मोकळेपणानं सांगितलंय. डेव्हिडचं म्हणणं असं की आज नाव दिलं तर उद्या बाकीचं सगळंच द्यावं लागेल.

तुझा दुसरा प्रश्न इथे येतो, आणि 'नावामुळे अडलं' हे उत्तर मला अपुरं वाटतं. याच डॉन डेव्हिसनं निर्मिलेलं, जॉनी टेलरनं गायलेलं 'डिस्को लेडी' १९७६ मध्ये निघालं आणि अमेरिकेत प्लॅटिनमचं प्रमाणपत्र मिळवणारी ती पहिली सिंगल ठरली. त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याच माणसाच्या ओळखीतले तीन भाऊ ५०० तबकड्या रेडिओ स्टेशनांच्या दारात घेऊन फिरत होते. कृष्णवर्णीय गायकांसाठी रेडिओवर एक खाना ठरलेला होता, सोल, फंक आणि मग डिस्को. गोऱ्यांच्या रॉक स्टेशनांचा खाना वेगळा. हे भाऊ कुठल्याच खान्यात बसत नव्हते. पुढे पंक म्हणून ज्याला जागा मिळाली ती जागाच अजून तयार नव्हती. नाव 'डेथ'ऐवजी दुसरं काही असतं तरी ही तबकडी कुठे वाजली असती, हा प्रश्न कुणी विचारत नाही. नावाची गोष्ट सांगायला सोपी म्हणून तीच चालते, आणि सगळा दोष आपोआप डेव्हिडच्या हट्टावर जातो. मला तो अन्याय वाटतो.

मधली वर्षं लोक दोन ओळींत उरकतात, पण माझं लक्ष तिथेच अडकतं. १९७७ मध्ये तिघं व्हर्माँट राज्यातल्या बर्लिंग्टनला गेले. तिथे 'फोर्थ मूव्हमेंट' नावानं देवाच्या गाण्यांचे दोन रॉक अल्बम काढले. तेही खपले नाहीत. १९८२ मध्ये डेव्हिड डेट्रॉइटला परतला. बॉबी आणि डॅनिस तिकडेच राहिले, लग्नं केली, मुलं झाली, आणि 'लॅम्ब्ज्‌ब्रेड' नावाचा रेगे बँड काढला. तो बँड चांगला चालला. मुलांना वडील रेगेवाले म्हणूनच ठाऊक होते. डेथबद्दल घरात बोलणं नव्हतं.

डेव्हिडनं मात्र मूळ मास्टर टेप सोडल्या नाहीत. मरण्यापूर्वी त्यानं त्या बॉबीच्या हवाली केल्या आणि बजावलं की एक दिवस जग ही गाणी मागत येईल, तेव्हा ती तुझ्याकडे असली पाहिजेत. २००० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं तो गेला. बॉबीनं टेप पोटमाळ्यावर ठेवल्या.

आता मी रोज जे पाहते ते सांगते. टेप ही नाजूक वस्तू आहे. १९७० च्या मध्यानंतरच्या काही कंपन्यांच्या टेपमध्ये चुंबकीय थर धरून ठेवणारा लेप हवेतलं पाणी पितो आणि चिकट होतो. तशी टेप यंत्रावर चढवली की किंचाळते, आणि तिचा थर खरवडून निघतो. मग ती मंद उष्णतेवर, साधारण ५० ते ५५ अंशांवर, काही तास काळजीपूर्वक तापवावी लागते. त्यानंतर थोडे दिवस ती वाजवता येते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. त्याहून जुन्या अ‍ॅसिटेटच्या टेपना व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि त्या आक्रसतात. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी धरते ती वेगळीच. पण माझ्या अनुभवात निसर्गापेक्षा जास्त टेप घर आवरण्यात जातात. एका मोठ्या गायकाच्या शिष्यानं जपलेल्या मैफिलींची अख्खी पेटी, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाताना, 'यंत्रच नाही तर ठेवून काय करायचं' म्हणून भंगारात गेलेली मला ठाऊक आहे. त्यात काय होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही.

म्हणून मला वाटतं, डेथचा 'शोध' लागला असं म्हणताना श्रेय कुणाला जातं ते पाहावं. बॉबीला त्या टेपचा काडीचा उपयोग नव्हता. भावाला शब्द दिला म्हणून त्या राहिल्या. दुसऱ्या बाजूनं, ५०० तबकड्यांपैकी काही कुठल्या कुठल्या दुकानांतून, हातांतून संग्राहकांकडे पोहोचल्या. त्या मंडळींनी त्या नुसत्या कपाटात ठेवल्या नाहीत, एकमेकांना ऐकवल्या, किंमत शेकड्यांनी डॉलरवर गेली, कुणी तरी गाणी इंटरनेटवर टाकली. आणि २००८ च्या सुमारास बॉबीचा मुलगा ज्युलियन कॅलिफोर्नियात एका पार्टीत असताना तिथे ही गाणी वाजली. आवाज वडिलांचा! त्यानं भावांना कळवलं, मुलांनी वडिलांना विचारलं, आणि पोटमाळ्यावरच्या टेपची गोष्ट बाहेर आली. मुलांनी लगेच ती गाणी वाजवायला बँड काढला आणि नाव दिलं 'रफ फ्रान्सिस'. हे त्यांच्या डेव्हिड काकाचं टोपणनाव, शेवटच्या काळात तो याच नावानं रेकॉर्डिंग करत होता.

फेब्रुवारी २००९ मध्ये शिकागोच्या ड्रॅग सिटी कंपनीनं ती सात गाणी 'फॉर द होल वर्ल्ड टू सी' म्हणून काढली. बॉबी आणि डॅनिसनी लॅम्ब्ज्‌ब्रेडचा गिटारवाला बॉबी डंकन याला घेऊन बँड पुन्हा उभा केला. २०१२ मध्ये माहितीपट आला. तुला जी 'रंगवलेली' गोष्ट वाटते ती बहुधा त्या माहितीपटावरून उचललेली असणार. तो चांगला आहे, जरूर बघ.

ऐकायचं कसं, ते सांगते. सातही गाणी एका दमात ऐक, जेमतेम सव्वीस मिनिटं लागतात. 'लेट द वर्ल्ड टर्न' आधी सोडून द्यावंसं वाटेल, कारण ते हळू सुरू होतं, आवाजात घुमारा आहे, पंकसारखं वाटतच नाही. तेच नीट ऐक. मध्ये एकदम उसळी घेतं, डॅनिसचे ड्रम एकटे उरतात, आणि कळतं की या भावांना नुसतं जोरात आणि वेगात वाजवायचं नव्हतं. डेव्हिडच्या डोक्यात मोठं काही तरी होतं, आणि त्यातली पाच गाणी कधी झालीच नाहीत. त्या पाच गाण्यांची मला फार चुटपुट लागते.

खडखडाट (कोल्हापूर)

ताई, पोटमाळ्याचा भाग एवढ्या तपशिलात मी पाहिला नव्हता. आभार. 'कीप ऑन नॉकिंग' आज परत लावतो.

तिसरी_तार (नाशिक)

ताई, खूप आभार. तुमचा प्रतिसाद मी गॅरेजमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. 'लेट द वर्ल्ड टर्न' मी खरंच सोडून दिलं होतं, आता तिघांना घेऊन बसवून ऐकलं.

आमच्या नावाबद्दल सांगायचं राहिलं. आमच्या गायकाचे वडील स्मशानभूमीत कामाला आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते किती तरी रात्री घरी आले नाहीत. आमचं पहिलं गाणं त्यानं त्यांच्यावर लिहिलंय. नाव तिथून आलं. नाव बदलायला तयार असणाऱ्या दोघांत तो स्वतःच आहे. म्हणतो, वडिलांनाच वाटतं पोराला स्टेज मिळावं, नावाचं काय एवढं.

मोटारनगरी (मिशिगन)

मी मूळचा साताऱ्याचा, डेट्रॉइटच्या उपनगरात बरीच वर्षं गाड्यांच्या कंपनीत नोकरी करतोय. वर ताईंनी जे लिहिलंय त्याला शहराची थोडी जोड देतो.

हे भाऊ शहराच्या पूर्व भागातले. १९६७ च्या दंगलीत डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं मेली. त्यानंतर गोरी कुटुंबं भराभर उपनगरांत गेली, आणि १९७२ मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीनंही गाशा गुंडाळून लॉस एंजेलिस गाठलं. ज्या कंपनीनं या शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांना जगभर नेलं ती गेल्यावर मागे राहिलेल्यांकडून लोकांची अपेक्षा मात्र तीच राहिली, मोटाउनसारखं गा. पूर्व भागातल्या घरातून तीन पोरं द हूसारखी गिटार वाजवतात म्हटल्यावर शेजाऱ्यांना ते काय वाटलं असेल याचा अंदाज येतो. एमसी-फाइव्ह आणि स्टूजेस इथलेच, पण त्यांचे श्रोते वेगळे, त्यांच्या जागा वेगळ्या. ते जिथे वाजवायचे त्या ग्रँड बॉलरूमची इमारत मी बाहेरून पाहिली आहे, ओसाड पडलीय. युनायटेड साउंडची इमारत सेकंड अव्हेन्यूवर आहे. मधल्या काळात महामार्ग रुंद करण्याच्या योजनेत ती जाते की काय अशी भीती होती, आणि इथल्या संगीतवाल्यांनी त्यावर बरीच ओरड केली.

माझ्या ऑफिसात या शहरात जन्मलेले साठीचे सहकारी आहेत, सोल आणि फंकचे दर्दी. त्यांना विचारलं तर डेथ हे नाव त्यांनी २००९ नंतरच ऐकलेलं. त्यातल्या एकाला मी 'यू आर अ प्रिझनर' गाडीत लावून दिलं. पार्किंगमध्ये गाडी थांबल्यावरही तो उतरेना. म्हणाला, आमच्याच मोहल्ल्यातून हे निघालं आणि आम्हाला कुणी ऐकवलंच नाही. त्याला आनंदापेक्षा राग जास्त आला होता. मला तो राग बरोबर वाटतो. जगाला उशिरा कळलं याची गोड गोष्ट होते, पण ज्यांच्या शेजारी हे घडलं त्यांचं ऐकायचं वय निघून गेलं.

मसणवट, तुमचं ते गाणं कुठे ऐकायला मिळेल?

तिसरी_तार (नाशिक)

काका, अजून रेकॉर्ड केलेलं नाही. फोनवर सरावाचं आहे, त्यात पंख्याचाच आवाज जास्त.

स्पूलची_फीत (पुणे)

तुझ्या गायकाच्या वडिलांबद्दल वाचून थांबले. त्यांना माझा नमस्कार सांग.

नाव ठेवा. माझं स्पष्ट मत आहे. हे नाव तुम्ही लोकांना दचकवायला घेतलेलं नाही. ज्या माणसानं त्या एप्रिलमध्ये परक्यांचे अंत्यसंस्कार केले, त्याच्या कामाचं ते नाव आहे. फेस्टिव्हलवाल्यांना हेच दोन ओळींत लिहून पाठवा, भांडू नका. त्यांना बहुधा कारण ठाऊकच नसेल. तरीही नाही म्हणाले तर दुसरी जागा शोधा. नाशिकमध्ये लहान कार्यक्रम होतात, आणि आमच्या पुण्यातही होतात.

पण एक सांभाळ. डेव्हिडच्या नकाराची किंमत तिघांनी मोजली, आणि त्यातल्या दोघांच्या मनात त्या वेळी होकार होता. बॉबी आणि डॅनिसनी पुढे त्याबद्दल कडवटपणा दाखवला नाही हा त्यांचा मोठेपणा. दोन विरुद्ध दोन असताना एकानं दुसऱ्यावर लादू नका. गायकाला सगळ्यात आधी विचारा की स्टेजसाठी नाव सोडायचं हे त्याला स्वतःला पटतंय, की वडिलांना वाईट वाटू नये म्हणून तो म्हणतोय. चौघांच्या तोंडून एकच उत्तर येईपर्यंत फेस्टिव्हलला कळवू नका.

आणि गाणं आधी रेकॉर्ड करा, फेस्टिव्हल होवो न होवो. मोठा स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद करून, गॅरेजच्या शटरला आतून जाड गोधड्या लावून, दोन चांगले माइक भाड्यानं आणून एका दिवसात होईल. तीन-चार वेळा सगळे मिळून वाजवा आणि त्यातलं सगळ्यात जिवंत निवडा, चूक असली तरी चालेल. मग मूळ फाइल, आकसलेली एमपीथ्री नव्हे, वेव्ह, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक डिस्क दुसऱ्याच्या घरी. फाइलच्या नावातच तारीख, जागा आणि कोण काय वाजवतंय ते लिहा. माझ्याकडे इतक्या सुंदर टेप येतात की ज्यांच्या डब्यावर फक्त 'भाग २' लिहिलेलं असतं, आणि गाणारा कोण हे आता ओळखणारं कुणी उरलेलं नसतं.

सफाई करायला फाइल माझ्याकडे पाठवायची असेल तर व्यक्तिगत निरोपात कळव. पैसे घेणार नाही. मोटारनगरी यांना पहिली प्रत जाऊ दे, त्यांनी मागितलीय.